मुलगा कोणत्या घरातून येतो?

ऑक्टोबर 2017 मध्ये सतरा वर्षांखालील मुलांचा विश्वचषक भारतात झाला, तेव्हा आपल्या संघाबद्दल जे छापून आले त्यात खेळापेक्षा घरेच जास्त होती. अमरजित सिंगची आई मासळी विकते, संजीव स्टॅलिनची आई बंगळुरूत फुटपाथवर कपडे विकते, सिक्कीमच्या कोमल थाटालचे आईवडील शिवणकाम करतात, आपल्या कोल्हापूरच्या अनिकेत जाधवचे वडील रिक्षा चालवतात. सगळे खरे होते. वाचणारे गहिवरले. प्रशिक्षकाच्या हाती मात्र त्यातून फारसे काही लागले नाही. रिक्षावाल्यांची मुले गावोगावी आहेत. त्यातला एखादाच तिथवर का पोहोचला, हे त्या बातम्यांनी विचारलेच नाही. (त्याच संघात न्यू जर्सीत वाढलेला नमित देशपांडेही होता. त्याच्या घराबद्दल कुणी हळहळून लिहिले नाही.)

जॅक्सन सिंगचेच घ्या. 9 ऑक्टोबरला दिल्लीत कोलंबियाविरुद्ध स्टॅलिनच्या कॉर्नरवर त्याने हेडर मारला आणि फिफाच्या विश्वचषकातला भारताचा पहिला गोल झाला. सामना आपण 1-2 असा हरलो. मग इंफाळच्या बाजारात भाजी विकणारी त्याची आई आणि पक्षाघाताने घरी बसलेले वडील सगळीकडे झळकले. ते वडील स्वतः फुटबॉल खेळलेले होते, पोराला ही वाट त्यांनीच दाखवली, हे बातमीच्या तळाशी गेले. आमच्या दृष्टीने मथळा तोच होता.

सुनील छेत्रीचे वडील सैन्यात, म्हणून शिस्त, असे आपण सहज म्हणून जातो. पण त्याची आई आणि तिची जुळी बहीण नेपाळच्या महिला संघातून खेळल्या होत्या. किलियन एम्बापे पॅरिसच्या बाँदी या उपनगरातला. हे नाव घेतले की गरीब वस्तीतून वर आलेला मुलगा असे चित्र डोळ्यांपुढे येते. प्रत्यक्षात वडील विल्फ्रीड तिथल्याच क्लबात प्रशिक्षक आणि आई फायझा वरच्या श्रेणीची हँडबॉलपटू. रेआल माद्रिदने चौदाव्या वर्षी पाहुणा म्हणून बोलावले, झिदान भेटला, आणि तरीही आईवडिलांनी मुलाला मोनॅकोच्या क्लबात पाठवले, कारण तिथे खेळायला लवकर मिळेल असा त्यांचा हिशेब होता. पैसा हा भाग वेगळा. असा हिशेब करता येणारे माणूस घरात असणे ही खरी मिळकत. राखीव बाकावर बसावे लागणे म्हणजे अपमान नव्हे, सुट्टीच्या दिवशी खरेच सुट्टी घ्यायची असते, हे त्या घरात कुणाला शिकवावे लागत नाही.

ज्या घरात असे माणूस नाही, तिथे ती जागा आपल्याला भरावी लागते. मार्कस रॅशफर्डची आई मेलनी मँचेस्टरमध्ये एकटीने पाच मुले सांभाळत होती, अनेक नोकऱ्या करत होती, तरी सगळ्यांच्या ताटात पुरेसे पडत नव्हते. युनायटेडच्या निवास योजनेत मुलांना बारा वर्षांपासून घेत; रॅशफर्डला अकराव्या वर्षी घेतले. मुलाचे घर क्लबला ठाऊक असेल तरच असे होऊ शकते. 2020 मध्ये टाळेबंदीत त्याने शाळकरी मुलांच्या सुट्टीतल्या जेवणासाठी खासदारांना जाहीर पत्र लिहिले आणि दुसऱ्याच दिवशी सरकारने निर्णय फिरवला, तेव्हा तो कशाबद्दल बोलत होता हे त्या क्लबाला कुणी सांगायची गरज नव्हती.

आपल्याकडे काय होते? संध्याकाळच्या सरावात पाचव्या स्प्रिंटला पोरगा गुडघ्यांवर हात टेकून उभा राहतो. आपण ‘दम नाही’ असा शेरा मारतो. दुपारी शाळेतून आल्यावर त्याने चहात बुडवून दोन खारी खाल्ल्या आहेत, एवढेच. सतरा-अठराव्या वर्षी पहिला करार मिळाला की याच मुलाच्या मानधनावर घर चालू लागते. मग तो हॅमस्ट्रिंग ओढल्याचे फिजिओला सांगत नाही, क्रेप बँडेज गुंडाळून उतरतो. त्याला आपण बेजबाबदार म्हणतो. त्याच्या लेखी जबाबदारी तीच असते.

कोल्हापूरची गोष्ट निराळी आहे. तिथे मुलगा जितका घरात वाढतो तितकाच तालमीत. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल. आजोबा ज्या तालमीचे, नातूही तिचाच. जुना खेळाडू काका असतो, बूट तालीम देते, हरल्यावर समजूत काढायला अख्खी पेठ असते. इतके मोठे घर देशात फार थोड्या फुटबॉलपटूंना मिळते. पण याच मायेपायी शाहू स्टेडियमवरच्या टाळ्या पुरेशा वाटू लागतात, आणि बाहेर जाण्याचे वय निघून जाते. अनिकेत लहान वयातच पुण्याला गेला. त्याच्याइतक्याच गुणाची पोरे मागे राहिली, असे आमचे स्पष्ट मत आहे.

मुलींच्या बाबतीत तर प्रश्न आणखी साधा असतो: सात वाजता सराव संपल्यावर तिला घरी कोण नेणार? भाऊ की वडील, हे ठरले नाही तर तिसऱ्या आठवड्यात ती येईनाशी होते.

उलट टोकाचे घरही सांभाळावे लागते. तेरा वर्षांखालच्या कोणत्याही सामन्याला जा. कुंपणाला लागून एक गृहस्थ ओरडत असतात, “पास कशाला दिलास? मार की!” पोराच्या पायात चेंडू आला की त्याची नजर गोलकडे न जाता आधी वडिलांकडे जाते. असे बाप पुढे मुलाचे व्यवहारही स्वतःकडे घेतात. मेसूत ओझिलचे कामकाज वडील पाहत. 2013 मध्ये दोघे वेगळे झाले आणि प्रकरण न्यायालयापर्यंत गेले. वडिलांना मैदानातून हाकलून हे सुटत नाही. मोसमाच्या सुरुवातीला पालकांना बोलावून, कुठे उभे राहायचे आणि काय बोलायचे नाही, हे स्पष्ट सांगावे लागते.

आपल्या बहुतेक क्लबांच्या नोंदणी अर्जात जन्मतारीख, आधार क्रमांक, खेळण्याची जागा आणि वडिलांचा व्यवसाय एवढेच असते. व्यवसायाच्या रकान्यातून आपल्याला काही कळत नाही. त्याऐवजी घरात पूर्वी कुणी कोणता खेळ खेळले आहे का, सरावाआधी मूल काय खाऊन येते आणि त्याला न्यायला-आणायला कोण येते, हे विचारा. आणि उत्तरे कपाटात ठेवून न देता महिन्याभरात एकदा त्या घरी जाऊन चहा घ्या. जून महिन्यात नव्या नोंदण्या सुरू होतील. ज्या प्रशिक्षकांनी हे आधीच करून पाहिले आहे, त्यांनी आपला अर्जाचा नमुना आणि अनुभव, मुलांची नावे वगळून, आमच्याकडे पाठवावेत. ते छापण्यासाठी जागा राखून ठेवली आहे.