प्रचारक निघून गेल्यावर



अमेरिकेतील मॉर्मन पंथाचा अठरा-एकोणीस वर्षांचा तरुण प्रचारक म्हणून परदेशी जातो, तेव्हा त्याचा आठवडा कसा जातो, हे आपण एकदा समजून घेण्यासारखे आहे. सकाळी साडेसहाला उठणे, धर्मग्रंथाचे वाचन, त्या देशाच्या भाषेचा अभ्यास आणि मग दिवसभर लोकांच्या दारी जाणे, हा त्याचा नित्यक्रम. तो कधीही एकटा फिरत नाही. जोडीदार सदैव बरोबर असतो. आठवड्यातून एक दिवस कपडे धुणे, बाजारहाट करणे आणि घरी ख्यालीखुशाली कळविणे यांसाठी मोकळा ठेवलेला असतो. उरलेल्या दिवसांत किती घरी गेलो, किती जणांना पाठ दिला, पुढील आठवड्यात कोणाकडे पुन्हा जावयाचे आहे, याची नोंद तो ठेवतो. चहा-कॉफी त्याला वर्ज्य असते. आपल्याकडील कोणी प्रेमाने पुढे केलेला चहाचा कपही तो नम्रपणे परत करील. अशी दोन वर्षे तो काढतो. मुलींसाठी ही मुदत दीड वर्षाची आहे. खर्च बहुधा त्याचा स्वतःचा किंवा त्याच्या कुटुंबाचा असतो. असे सत्तर हजारांहून अधिक प्रचारक आज जगभर फिरत आहेत.

हे वाचून आपल्यापैकी काहींना कौतुक वाटेल, काहींना संशय येईल. दोन्ही भावनांना जागा आहे. विशीच्या आतील मुलगा घरदार सोडतो, परकी भाषा शिकतो, दारे तोंडावर मिटली तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा निघतो, ही शिस्त सामान्य नव्हे. परंतु शिस्त चांगली म्हणून शिकवण चांगली, असे अनुमान काढता येत नाही. १८३० साली स्थापन झालेल्या याच पंथाने जून १९७८ पर्यंत आफ्रिकी वंशाच्या पुरुषांना पुरोहितपद नाकारले होते. दारी येणाऱ्या प्रत्येक प्रचारकाला, मग तो कोणत्याही धर्माचा असो, आपण पहिला प्रश्न हाच विचारला पाहिजे : तुमच्या घरात आम्हांला बसावयास कोठे जागा आहे? उंबऱ्याशी की पंक्तीत? पिढ्यान्‌पिढ्या उंबऱ्याबाहेर ठेवलेल्या समाजाला हा प्रश्न विचारण्याचा अधिकार सर्वांहून अधिक आहे.

हा पंथ आपल्या मुलखास अगदीच अपरिचित नाही. ह्यू फिंडले नावाचा त्यांचा प्रचारक १८५२ साली मुंबईस उतरला व पुढे पुण्यास गेला. त्याचा श्रोतृवर्ग मुख्यतः छावणीतील गोरे लोक व त्यांच्याशी संबंधित मंडळी हाच होता. लहानसा मेळा जमला, विरोधही पुष्कळ झाला आणि १८५६ पर्यंत हे सर्व प्रचारक हिंदुस्थान सोडून गेले. मागे काय उरले? गावकुसाबाहेरच्या वस्तीत त्यांचा एकही शिक्षक उभा राहिला नव्हता. म्हणून सांगण्याजोगे काहीच उरले नाही. श्रद्धा कमी पडली असे म्हणता येणार नाही. कमी पडला तो शिकणाऱ्यांतून शिकविणारा तयार करण्याचा उद्योग.

आता आपल्याकडे वळू. भगवान बुद्धांनी आपल्या पहिल्या साठ भिक्षूंना धम्म सांगण्यासाठी पाठविले, तेव्हा दोघांनी एका वाटेने जाऊ नये असे बजावले होते. मनुष्यबळ थोडे आणि दुःखी जन फार, हा हिशेब त्यामागे असला पाहिजे. परमपूज्य बाबासाहेबांनाही हाच हिशेब छळीत होता. १९५० साली बौद्ध धम्माच्या भवितव्याविषयी लिहिलेल्या लेखात त्यांनी तीन गोष्टींची निकड सांगितली : बौद्धांसाठी एक सुलभ धर्मग्रंथ, भिक्षुसंघाच्या रचनेत व ध्येयात बदल, आणि जगभर प्रचार करणारी एक बौद्ध संस्था. भिक्षूने समाजसेवक झाले पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. ग्रंथ त्यांनी स्वतः लिहिला. ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ त्यांच्या निर्वाणानंतर १९५७ मध्ये प्रसिद्ध झाला. उरलेली दोन कामे मात्र त्यांनी आपल्यावर सोपविली आहेत.

परदेशी तरुण प्रचारकाचा एक आठवडा आपल्या इतिहासातही आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्मदीक्षा झाली आणि अवघ्या आठ आठवड्यांनी, ६ डिसेंबरला, बाबासाहेब गेले. योगायोगाने त्याच दिवशी एकतीस वर्षांचा एक इंग्रज भिक्षू नागपुरात पोचला होता. लंडनमध्ये जन्मलेला हा तरुण महायुद्धात सैनिक म्हणून हिंदुस्थानात आला, पुढे भिक्षू झाला आणि संघरक्षित या नावाने कालिम्पाँगला राहू लागला होता. त्या रात्रीच्या शोकसभेपासून पुढील चार दिवस तो वस्ती-वस्तीतून फिरला. चाळीसच्या आसपास भाषणे झाली, हजारो लोकांना दीक्षा दिली गेली. बाप गेलेल्या घरात कोणीतरी येऊन ‘चूल पेटवा’ म्हणावे, तसे त्या चार दिवसांचे मोल होते. बाबासाहेब गेले तरी धम्म गेला नाही, हे ऐकण्याची लोकांना तहान होती.

परंतु चार दिवस संपले. भिक्षू पुढच्या गावी गेला. त्यानंतर तो अनेकदा महाराष्ट्रात आला आणि १९६४ मध्ये इंग्लंडला परतला. मग पाचव्या दिवशी नागपूरच्या वस्तीत मुलांना त्रिशरण कोणी शिकविले? ज्या वस्तीत एखादा मॅट्रिक झालेला मुलगा, एखादा गिरणी कामगार, एखादी अक्षरओळख असलेली आई पुढे आली, तेथे धम्म घरात शिरला. जेथे कोणी आले नाही, तेथे भिंतीवर तसबीर लागली आणि जुने सणवार मागील दाराने परत आले.

याच संघरक्षितांची आणखी एक गोष्ट लपविता कामा नये. उत्तरायुष्यात त्यांच्या खासगी वर्तनाविषयी त्यांच्याच अनुयायांनी गंभीर आक्षेप घेतले, आणि २०१६ च्या अखेरीस त्यांनी आपल्यामुळे दुखावल्या गेलेल्यांविषयी जाहीर खेद व्यक्त केला. २०१८ मध्ये ते निवर्तले. यावरून १९५६ ची सेवा खोटी ठरत नाही. तसेच त्या सेवेमुळे पुढील दोष झाकले जात नाहीत. कालामांना भगवंतांनी हेच सांगितले होते की, सांगणारा आदरणीय आहे एवढ्यावरून सांगणे स्वीकारू नका, स्वतः पारखा. व्यक्तीवर उभा राहिलेला धम्म व्यक्तीबरोबर ढासळतो. म्हणूनही शिकविणारे हात एकाहून अधिक हवेत, आणि ते आपल्या माहितीतले, आपण ज्यांना जाब विचारू शकू असे हवेत.

फलटणकरांना ही गोष्ट दूरच्या उदाहरणांवरून समजावण्याची गरज नाही. महानुभावांचे हे मोठे तीर्थ. त्यांचे चक्रधर गुजरातेतून आले, परंतु शिकविले मराठीत. म्हणूनच सातशे वर्षांनंतरही त्यांचा पंथ येथे टिकून आहे. आपल्या काळातील उदाहरण याहूनही जवळचे आहे. मॅक्सीन बर्नसन या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ १९६६ साली फलटणला आल्या, त्या फलटणच्या बोलीचा अभ्यास करण्यासाठी. प्रबंध पूर्ण झाला, पण त्या येथेच राहिल्या आणि भारतीय नागरिक झाल्या. १९७८ मध्ये त्यांनी मंगळवार पेठेतील दलित वस्तीत शाळेबाहेर राहिलेल्या मुलांसाठी वर्ग सुरू केले. त्यातून प्रगत शिक्षण संस्था उभी राहिली आणि १९८६ मध्ये कमला निंबकर बालभवन ही मराठी माध्यमाची शाळा निघाली. त्यांनी कोणाला धर्म शिकविला नाही; अक्षर शिकविले. परंतु शिकविण्याचा जो नियम पुण्यातील त्या १८५२ च्या प्रचारकास साधला नाही, तो येथे साधला : वस्तीत जा, तिच्या भाषेत बोला, पुढच्या आठवड्यात पुन्हा या, आणि काम पुढे चालविणारी माणसे तेथेच घडवा.

या कामात आपल्या हक्कांची जाणीवही असू द्या. संविधानाच्या २५ व्या अनुच्छेदाने प्रत्येकास सदसद्विवेकाचे स्वातंत्र्य आणि धर्म मानण्याचा, आचरण्याचा व त्याचा प्रसार करण्याचा हक्क दिला आहे. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, प्रसाराचा हक्क म्हणजे दुसऱ्याचे धर्मांतर घडविण्याचा हक्क नव्हे. आपल्याला या भेदाचे भय नाही. आपले धर्मांतर कोणी घडविले नाही. ते आपण उघड मैदानात, समजून-उमजून केले. अनुच्छेद २८ अन्वये सरकारमान्य वा अनुदानित शाळेत पालकाच्या संमतीवाचून मुलास धर्मशिक्षण वा धार्मिक उपासनेस उपस्थित राहण्याची सक्ती करता येत नाही. आपल्या मुलास शाळेत एखाद्या पूजेला बळेच बसविले जात असेल, तर मुख्याध्यापकांकडे नम्रपणे पण लेखी हरकत घ्या. मात्र येथे एक प्रश्न स्वतःलाही विचारा : शाळेत नको ते शिकवू नका म्हणताना, घरी हवे ते आपण शिकवितो काय?

तेव्हा फलटण, माण, खटाव, कोरेगाव या तालुक्यांतील प्रत्येक बौद्ध वस्तीला आमचे सांगणे एवढेच आहे. घरदार सोडा असे आम्ही म्हणत नाही. कारखान्याची पाळी, ऊसतोडीचा हंगाम, परीक्षांचे दिवस आम्हांस ठाऊक आहेत. आठवड्यातील दोन तास द्या. वस्तीतील एक तरुण व एक तरुणी यांनी रविवारी सकाळी विहारात, विहार नसेल तर समाजमंदिरात, तेही नसेल तर कोणाच्या पडवीत मुलांना जमवावे. पहिला अर्धा तास वंदना, तीही अर्थासह. दुसरा अर्धा तास वाचन. ज्याला अक्षर लागत नाही त्याला आधी अक्षर. तिसरा अर्धा तास बावीस प्रतिज्ञांपैकी एकीवर बोलणे. शेवटचा अर्धा तास मुलांच्या प्रश्नांचा, आणि कोणताही प्रश्न उद्धट मानावयाचा नाही. एक वही ठेवा. कोण आले, कोण आले नाही, न आलेल्याच्या घरी कोणी जावयाचे, ते तीत लिहा. सहा महिन्यांनी थोरल्या मुलांपैकी दोघांना पुढे करून शिकवू द्या, आणि तुम्ही मागे बसा.

आयांना विशेष विनंती आहे. मुलगी पाण्याला जाईल आणि मुलगा वर्गाला जाईल, असे होऊ देऊ नका. दोघेही वर्गाला जातील. पाणी आधी भरा, नाही तर नंतर भरा.

परक्या देशातील परका मुलगा आपल्या श्रद्धेसाठी दोन वर्षे अनोळखी दारे ठोठावतो. आपल्याला तर ओळखीच्याच दारी जावयाचे आहे. येत्या रविवारी आपल्या वस्तीत कोण शिकविणार, त्याचे नाव आज रात्री घरात बसून ठरवा.