शिफारशीने नोकरी लागेल, टिकेल कशी?

शिळफाट्यावर सकाळी पनवेलच्या गाडीची वाट पाहणाऱ्या पोरांमध्ये हल्ली एक विषय हमखास निघतो : विमानतळ. 8 ऑक्टोबर 2025 रोजी नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले, 25 डिसेंबरपासून विमाने सुरू झाली आणि आपल्या मोहल्ल्यांतही 'आत कुणी ओळखीचं आहे का?' ही विचारणा वाढली.

विचारण्यात गैर काही नाही. नावाकडे पाहून अर्ज बाजूला पडतो, असा अनुभव असलेले अब्बा शिफारशीसाठी कुणाचेही दार ठोठावणारच. प्रश्न त्यापुढचा आहे. लागलेली नोकरी टिकते कशाच्या जोरावर?

ऑक्टोबर 2008 आठवा. जेट एअरवेजने सुमारे 1,900 जणांना कमी करायचे ठरवले. कर्मचारी राज ठाकरे यांच्याकडे गेले. मुंबईतून विमाने उडू देणार नाही, असा इशारा दिला गेला आणि मालक नरेश गोयल यांनी सर्वांना परत घेतले. आपण दबावाला बळी पडलो नाही, असे गोयल म्हणाले. पण लोकांनी धडा घेतला तो एवढाच, की नेता गाठला की काम होते.

एप्रिल 2019 मध्ये तीच कंपनी बंद पडली. हजारो घरांचा पगार थांबला. तेव्हा कोणत्याही नेत्याचा इशारा उपयोगी पडला नाही. संघटनाही कंपनी वाचवू शकल्या नाहीत, हे मान्य करायला हवे. पण पीएफ आणि ग्रॅच्युइटीच्या हक्कासाठी लढत राहिल्या त्या कामगारांच्या संघटनाच. ऑक्टोबर 2022 मध्ये अपिली न्यायाधिकरणाने त्यांच्या बाजूने निकाल दिला आणि जानेवारी 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप करायला नकार दिला. पुढे नोव्हेंबर 2024 मध्ये कंपनी अवसायनात काढण्याचा आदेश झाला. लढाई लांबली, पण ती लढायला कुणीतरी होते.

दुसरे उदाहरण मे 2024 चे. एअर इंडिया एक्स्प्रेसचे केबिन क्रू मोठ्या संख्येने एकदम आजारी रजेवर गेले. कंपनीने 25 जणांना काढले. 9 मे रोजी दिल्लीत केंद्रीय मुख्य कामगार आयुक्तांसमोर बोलणी झाली आणि त्या 25 जणांना परत घेण्याचे ठरले. वाटाघाटीच्या टेबलावर कामगारांच्या वतीने त्यांची संघटना बसली होती.

आपल्यातले बहुतेक जण मात्र केबिन क्रू होणार नाहीत. सामान चढवणे, सफाई, सुरक्षा, गाडी चालवणे अशी कामे आपल्या वाट्याला येतील, तीही बहुधा कंत्राटदारामार्फत. त्या कामांसाठीही किती रांग असते, ते 16 जुलै 2024 रोजी कलिन्यात दिसले. लोडर भरतीसाठी हजारोंची गर्दी लोटली आणि चेंगराचेंगरीची वेळ आली. 'तू नाही तर दुसरा' असे म्हणणे कंत्राटदाराला सोपे जाते ते यामुळेच.

संपाची वाटही अरुंद झाली आहे. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेनुसार संपाआधी 14 दिवसांची नोटीस द्यावी लागते. निम्मे किंवा अधिक कामगार ठरवून एकाच दिवशी किरकोळ रजेवर गेले, तरी तो संपच धरला जातो. म्हणजे ऐनवेळी जमवाजमव करून भागणार नाही. संघटना आधीपासून हवी.

'आपण पुढे झालो तर आधी आपल्यालाच काढतील,' असे काही मित्र म्हणतात. भीती खरी आहे. पण एकट्याला काढणे सोपे असते, म्हणूनच एकटे राहायचे नाही. आणि ही संघटना फक्त मुसलमानांची असून चालणार नाही. त्याच शिफ्टमध्ये, त्याच कंत्राटदाराकडे आगरी, ठाकर, कातकरी पोरेही राबणार आहेत. पगार उशिरा झाला तर तो सगळ्यांचाच उशिरा होतो. संघटनांमध्येही पुढाऱ्यांची दुकाने चालतात हे खरे. म्हणून वर्गणीचा हिशेब मागा, निवडणूक मागा.

रायगडला हे नवे नाही. जानेवारी 1984 मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनात उरण तालुक्यात गोळीबार होऊन पाच जणांचे बळी गेले. प्रकल्पग्रस्तांना साडेबारा टक्के विकसित भूखंड मिळाले ते त्या एकजुटीमुळे, कुणाच्या चिठ्ठीमुळे नव्हे.

तेव्हा ओळख काढा, अर्ज करा, नोकरीला लागा. पण पहिल्याच आठवड्यात नेमणूकपत्र मागा, पीएफचा क्रमांक विचारा, आपला मालक कागदावर नेमका कोण आहे ते पाहा. आणि पहिल्या पगारातून संघटनेची वर्गणी भरा.