नजर चुकवून घेतलेले छायाचित्र

व्ह्यूफाइंडरला डोळा न लावता, कॅमेरा कमरेशी धरून घेतलेले छायाचित्र अधिक 'सच्चे' असते, असे म्हटले जाते; सावध झालेला माणूस खोटा होतो, हा त्यामागचा युक्तिवाद. आम्हांस तो मान्य नाही. कॅमेरा डोळ्याला लावणे म्हणजे 'मी तुला पाहतो आहे' असे समोरच्याला कळवणे. मग त्याने हसावे, पदर ओढावा, नाहीतर पाठ फिरवावी. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. त्या टंचाईत घागर घेऊन ताटकळणाऱ्या बाईचा पाठ फिरवण्याचा हक्कही कमरेवरचा कॅमेरा हिरावून घेतो.

वॉकर एव्हान्सने १९३८ ते १९४१ या काळात न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत कोटाआड कॅमेरा लपवून प्रवासी टिपले. पुस्तक निघायला मात्र १९६६ उजाडले. आज छायाचित्र क्षणात गावभर होते.

न पाहण्याला आमचा विरोध नाही. पार्थो भौमिक यांनी २००६ साली मुंबईत सुरू केलेल्या उपक्रमात दृष्टिहीन माणसे आवाज आणि स्पर्श यांच्या आधारे छायाचित्रे घ्यायला शिकली. आवाजाच्या आधाराने चालायचे तर समोरच्याशी बोलावेच लागते. डोळस छायाचित्रकार पाहणेही टाळतो आणि बोलणेही. त्याला आम्ही शैली म्हणणार नाही.