गणकयंत्राचा जप

नगर-पाथर्डी मार्गावरील तिसगावी आम्ही एका स्नेह्यांच्या ओटीवर बसलो असता, अपघातात डोक्यास मार लागून कित्येक महिने निपचित पडलेल्या एका तरुणाची गोष्ट निघाली. त्याची आई रोज उशाशी बसून त्याच्याशी बोलते, असे कोणी सांगितले. तोच एक पदवीधर गृहस्थ म्हणाले, "अहो, मेंदू म्हणजे गणकयंत्र आणि जाणीव म्हणजे त्यातला हिशेब. उत्तर येत नाही, म्हणजे यंत्र बंद! ती माउली भिंतीशी बोलते आहे."

शास्त्राच्या नावाने चाललेल्या या पोपटपंचीचा आम्हांस मनस्वी संताप येतो. हिशेब म्हणजेच जाणीव असेल, तर जेथे मज्जापेशींची दाटी तेथे जाणीव अधिक असावयास हवी. मानवी मेंदूतील सुमारे ८६ अब्ज मज्जापेशींपैकी सुमारे ६९ अब्ज एकट्या लहान मेंदूत आहेत. तो निकामी झाला तर माणसाचा तोल जातो, जीभ अडखळते. पण सुखदुःख भोगणारा तो आत जागाच राहतो. एवढा थोरला हिशेब तेथे अहोरात्र चालतो, आणि धन्यास त्याची वार्ताही नसते! मग कोणत्या हिशेबातून जाणीव उपजते? यावर मोठमोठ्या पंडितांत अद्याप हमरीतुमरी चालू आहे. आमच्या गृहस्थांना मात्र ते ओटीवरच उमगले होते.

आणि उत्तर न येणे म्हणजे तरी काय? डॉ. एड्रियन ओवेन यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग पाहावा. अपघातानंतर पाच महिने जाणीवशून्य मानलेल्या एका तरुणीस, मेंदूतील रक्तप्रवाह टिपणाऱ्या यंत्रात ठेवून, 'आपण टेनिस खेळत आहोत अशी कल्पना करा' असे सांगितले. बोटही न हलविणाऱ्या त्या मुलीच्या मेंदूत, धडधाकट माणसाच्या मेंदूत होते तशीच हालचाल उमटली. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, आज्ञेस बाह्यतः कसलाही प्रतिसाद न देणाऱ्या २४१ रुग्णांपैकी ६० जणांच्या मेंदूंनी आज्ञा पाळल्याचे आढळले. उरलेल्यांत काही आढळले नाही, हे आम्ही लपवीत नाही. परंतु न आढळणे हा नसल्याचा पुरावा नव्हे.

आपल्या मुंबईतच केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानभाग १९७३ सालच्या अमानुष हल्ल्यानंतर २०१५ पर्यंत, एकेचाळीस वर्षांहून अधिक काळ, अंथरुणास खिळून होत्या. त्यांचे अन्न थांबवावे, अशी विनंती सर्वोच्च न्यायालयापुढे आली, तेव्हा तिला विरोध केला तो त्यांची शुश्रूषा करणाऱ्या परिचारिकांनी. २०११ साली न्यायालयाने ती विनंती अमान्य केली. अरुणाताईंच्या अंतरात काय होते, हे आम्ही छातीठोकपणे सांगू शकत नाही. तसे सांगण्याचा अधिकार गणकयंत्रवाद्यांस तरी कोणी दिला?

आम्ही त्या गृहस्थांस विचारले, "त्या मुलाच्या मेंदूची अशी तपासणी झाली होती काय?"

"छे! ती कोण करतो?" ते म्हणाले, आणि त्यांनी पानाचा डबा पुढे ओढला.