अक्षरांचे पुन्हा चित्र होऊ नये

वेबअसेंब्ली आणि वेबजीपीयू ही दोन नावे सध्या सॉफ्टवेअरच्या जवळपास प्रत्येक चर्चेत ऐकू येतात. वेबअसेंब्लीमुळे सी, सी++ किंवा रस्टमध्ये लिहिलेला प्रोग्राम ब्राउझरमध्ये बऱ्याच वेगाने चालतो. वेबजीपीयूमुळे वेबपेजला ग्राफिक्स चिपची ताकद वापरता येते. यापुढे ॲप ‘इन्स्टॉल’ करायची गरज उरणार नाही, लिंक उघडली की काम झाले, असे सांगितले जाते.

मी याच व्यवसायात आहे. गाव पुसेगाव; साताऱ्याचे नव्हे, हिंगोली जिल्ह्यातले. त्यामुळे नवे तंत्र आले की माझे दोन प्रश्न ठरलेले असतात. सोयाबीन-हळद पिकवणाऱ्या माणसाच्या जुन्या मोबाइलवर ते चालेल का? आणि त्यात मराठी व उर्दू नीट उमटेल का?

आधी चांगली बाजू. वेबअसेंब्ली २०१७ मध्ये चारही मोठ्या ब्राउझरांत आली आणि डिसेंबर २०१९ मध्ये तिला अधिकृत वेब मानकाचा दर्जा मिळाला. तिच्यामुळे पायोडाइडसारखा प्रकल्प शक्य झाला. त्यात पायथनच ब्राउझरमध्ये चालतो. तालुक्याच्या कॉलेजातल्या लॅबमध्ये संगणकाचा पासवर्ड सरांकडे असतो आणि विद्यार्थ्याला काही इन्स्टॉल करू देत नाहीत. अशा मुला-मुलींसाठी हे वरदान आहे. नकाशा, इमारतीचा आराखडा, फोटोवरचे काम, या गोष्टीही आता ब्राउझरमध्ये उत्तम होतात. फिग्मा हे डिझाइनचे साधन याच पायावर उभे आहे.

सर्व्हरकडेही हे वारे पोहोचले आहे. २०१३ मध्ये आलेल्या डॉकरने प्रोग्राम त्याच्या सगळ्या लवाजम्यासह डब्यात भरून कुठेही पाठवायची सोय केली. डॉकरचे एक जनक सॉलोमन हाइक्स २०१९ मध्ये म्हणाले की, वेबअसेंब्ली आणि तिला सर्व्हरवर चालवणारे ‘वासी’ २००८ मध्येच असते, तर डॉकर बनवायची गरज पडली नसती. कारण उघड आहे. डॉकरचा डबा सहज शेकडो एमबींचा होतो, वेबअसेंब्लीचा बऱ्याचदा काही एमबींत मावतो आणि क्षणात सुरू होतो. तरी घाई करू नये असे माझे मत आहे. ही व्यवस्था अजून घडते आहे. लहान संस्थेच्या वेबसाइटला एक स्वस्त सर्व्हर आणि साधी एचटीएमएल पाने पुरतात. तिथे डॉकरही बहुतेक वेळा जास्तच होतो.

माझी खरी चिंता ग्राफिक्सबद्दल आहे.

ब्राउझरमध्ये वेग मिळवण्यासाठी आता अनेक साधने पानावरचा मजकूर मजकूर म्हणून ठेवतच नाहीत. ‘कॅनव्हास’ नावाच्या कोऱ्या चौकटीत ती अक्षरे रंगवतात. गुगलचे फ्लटर वेबसाठी हेच करते. त्यात पूर्वी एचटीएमएलचा पर्याय होता, तो २०२५ च्या सुरुवातीला काढून टाकला गेला. डोळ्यांना फरक दिसत नाही. पण ब्राउझरच्या दृष्टीने तिथे अक्षर नसतेच, असतो तो रंग.

या अवस्थेतून आपण एकदा गेलो आहोत. २००० च्या आसपास मराठी वृत्तपत्रांच्या वेबसाइट आपापला फॉन्ट वापरत. तो उतरवून घेतला नाही तर पानावर इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा नुसता कचरा दिसे. फॉन्ट असला तरी आतला मजकूर मराठी नसेच, त्यामुळे शोधता येत नसे. उर्दूचे हाल याहून वाईट. लाहोरच्या ‘जंग’ने १९८१ मध्येच संगणकावर नूरी नस्तालिक वापरले, पुढे आपल्याकडचे छापखाने इनपेजवर चालले, पण वेबवर उर्दू दैनिके कित्येक वर्षे पानाचा फोटो टाकत राहिली. चित्राला गुगल काय शोधणार?

युनिकोडने ही कोंडी फोडली. देवनागरी १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून त्यात होती, तरी ती सामान्य मोबाइलपर्यंत पोहोचायला दोन दशके गेली. या कामात हार्फबझ या मुक्त प्रणालीचा वाटा मोठा आहे. क्रोम, फायरफॉक्स आणि अँड्रॉइड तीच वापरतात. नाव फारसी आहे : हर्फ म्हणजे अक्षर, बाज म्हणजे खुले. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांतला फरक दाखवायचा असो की नस्तालिकची उतरती ओळ, अक्षरांची जुळणी अशीच प्रणाली करते.

कॅनव्हासवर रंगवणारे ॲप ब्राउझरमधली ही तयार सोय सोडून स्वतःचे सगळे सामान सोबत आणते. फ्लटरमध्ये त्याचे ओझे सुमारे दीड एमबी आहे. मोबाइलमध्ये देवनागरी फॉन्ट असूनही त्याचा उपयोग होत नाही. ॲपमध्ये तो दिलेला नसेल तर इंटरनेटवरून यावा लागतो, तोवर चौकोनी डबे दिसतात. नस्तालिकचे काही फॉन्ट तर अनेक एमबींचे आहेत. गावात नेटची एकच काडी असते तेव्हा ते डबे किती वेळ बघायचे?

यापेक्षा मोठा प्रश्न अंधांचा आहे. पान वाचून दाखवणाऱ्या टॉकबॅकला रंग वाचता येत नाही, मुद्दाम वेगळी सोय करावी लागते. फ्लटरच्या वेबवर ती आपोआप सुरू नसते, चालू करावी लागते. गुगल डॉक्सने २०२१ मध्ये कॅनव्हास स्वीकारला. पण गुगलकडे अशी सोय उभारायला माणसे आहेत. गावातल्या पतसंस्थेची वेबसाइट करणाऱ्या एकट्या पोराकडे नाहीत.

वेबजीपीयूचेही असेच. अँड्रॉइडवरच्या क्रोममध्ये ते जानेवारी २०२४ मध्ये आले, तेही अँड्रॉइड १२ किंवा त्यापुढच्या आणि ठरावीक चिपच्या मोबाइलवर. म्हणून ते वापराच, पण सोबत जुन्या वेबजीएलची वाट खुली ठेवा.

हळदीचे भाव, नमाजच्या वेळा, शिष्यवृत्तीचा अर्ज, ग्रामसभेची नोटीस : आपल्या लोकांना वेबवर हवे असते ते बहुतेक सगळे मजकूर आहे. तो एचटीएमएलमध्येच राहिला पाहिजे. नकाशा कॅनव्हासवर काढा, त्यातल्या गटांची यादी खाली अक्षरांत द्या. आणि वेबसाइट करून घेणाऱ्या संस्थांनी पैसे देण्यापूर्वी तीन गोष्टी तपासाव्यात. पानावरचा एखादा मराठी शब्द शोधता येतो का? वाक्य कॉपी करून व्हॉट्सॲपवर पाठवता येते का? टॉकबॅक ते वाचते का? एकाचेही उत्तर ‘नाही’ आले, तर काम परत पाठवावे.