पेटीवाल्याला काय विचारायचे?

मुलाखत नसेल तर दिवाळी अंक कसा सुना सुना वाटतो, असे आमच्या घरातलेच मत आहे. तेव्हा मुलाखतीविरुद्धच तक्रार मांडायची, आणि तीही दिवाळी अंकात, हे थोडे धाडसाचे काम आहे. पण नरकचतुर्दशीला अभ्यंगस्नान झाले की आपण पायाच्या अंगठ्याने कारीट फोडतो आणि त्याचा कडू रस जिभेला लावतो, मग फराळ. वाचकांनी हा लेख त्या कारिटाच्या जागी समजावा.

माझी तक्रार अशी आहे की, आपण संगीत रचणाऱ्याला आणि वाद्य वाजवणाऱ्याला त्याच्या कामाविषयी काहीही विचारत नाही. सगळे विचारतो ते कामाच्या भोवतीचे. जन्म कुठला, गुरू कोण, मुंबईत पहिली रात्र कुठे काढली, अमुक बुवांनी पाठीवर थाप मारली तेव्हा काय वाटले, पत्नीची साथ कशी लाभली. शेवटी, अगदी उठता उठता, ‘ती चाल तुम्हाला कशी सुचली हो?’ असा एक प्रश्न. त्यावर ते गृहस्थ वर छताकडे पाहून म्हणतात, ‘सुचली!’ आपण हात जोडतो. मुलाखत संपते. छायाचित्रकार पेटीवर हात ठेवायला सांगतो.

गायकांचे एक वेळ बरे आहे. वामनराव देशपांड्यांचे ‘घरंदाज गायकी’ १९६१ साली आले, आणि घराणे, आवाजाचा लगाव, लय यांवर भांडायला मराठी माणसाला भाषा मिळाली. पण पट्ट्यांवर बोटे ठेवून जो बसला आहे, मग ती पेटी असो की पियानो, किंवा कवितेचा कागद पुढे घेऊन जो चाल बांधतो आहे, त्याच्याशी काय बोलावे हे आपल्याला आजही ठाऊक नाही.

घरातला एक दाखला देतो. शेजारच्या वहिनींच्या अनारशाला सुरेख जाळी पडली, तर आमच्या घरची मंडळी काय करतात? ‘देवाची देणगी!’ म्हणून नमस्कार करतात काय? मुळीच नाही. तांदूळ तीन दिवस भिजवले की चार, पाणी रोज बदलले का, गूळ कोणता घेतला, पीठ किती दिवस मुरवले, तुपाची आच कशी होती, पहिला अनारसा तुपात विरघळला तेव्हा काय केले, अशी उलटतपासणी होते की वकिलाने शिकावे. वहिनीही आनंदाने सांगतात. कारण विचारणारीला खरोखर करून पाहायचे असते. अनारशाला जो मान आपण देतो, तो अभंगाच्या चालीला देत नाही. तिला आपण देव्हाऱ्यात बसवतो आणि बाहेरून कडी घालतो.

हे मी तावातावाने लिहितो आहे, त्याचे एक कारण माझे गाव. मी राहतो खुलताबादला. वेरूळची लेणी पाहून लोक परततात त्या वाटेवरचे, दर्ग्यांचे आणि भद्रा मारुतीचे आमचे गाव. आमच्या गावाची कीर्ती सध्या एकाच कबरीवर उभी आहे. २०२५ च्या मार्च महिन्यात औरंगजेबाच्या कबरीवरून वाद पेटला तेव्हा गावात इतके कॅमेरे आले की चहाच्या टपरीवर दूध पुरेना. ज्याला त्याला विचारत होते, कबरीबद्दल काय वाटते? त्या बादशहाविषयी एक गोष्ट सगळ्यांना पाठ असते. गाण्यावर बंदी आली म्हणून गवयांनी संगीताची तिरडी काढली, आणि बादशहा म्हणाला, खोल पुरा, पुन्हा वर येता कामा नये. ही गोष्ट मनुची नावाच्या इटालियनाने लिहून ठेवली. ती कितपत खरी याविषयी अलीकडच्या अभ्यासकांना शंका आहे, आणि शंकेला जागा आहेही. कारण त्याच बादशहाच्या फकीरुल्ला नावाच्या एका सरदाराने ‘रागदर्पण’ हा ग्रंथ लिहिला आणि त्यात आपल्या काळातल्या गाणाऱ्याबजावणाऱ्यांची, त्यांच्या गुणदोषांसह, नोंद केली. म्हणजे ज्या राजवटीत संगीत पुरले म्हणतात, तीत हयात कलावंतांविषयी लिहिणारा माणूस होता. आपण तर म्हणे संगीताचे आश्रयदाते!

पण मला सांगायचे आहे ते दुसऱ्याच कबरीविषयी. अमीर हसन सिजझी नावाचा दिल्लीचा फारसी कवी आमच्या गावात चिरनिद्रा घेतो आहे. पेशाने फौजेतला माणूस. हजरत निजामुद्दीन औलियांच्या बैठकीत तो जाऊन बसे, आणि तिथे कोण काय बोलले हे घरी येऊन तारखेनिशी टिपून ठेवी. १३०८ पासून १३२२ पर्यंत, म्हणजे सुमारे चौदा-पंधरा वर्षे, हे काम चालले होते. त्याचे पुस्तक झाले ‘फवाइद-उल-फुआद’. पुढे तो दौलताबादेकडे आला आणि इथलाच झाला. निजामुद्दीनांचे शिष्य बुऱ्हाणुद्दीन गरीब हेही इथे आले, १३३७ साली इथेच त्यांचा देह पडला. समा, म्हणजे भक्तीचे गाणे ऐकणे, हे त्यांचे वेड होते, आणि त्यांच्याही बोलण्याच्या वह्या शिष्यांनी लिहिल्या. सातशे वर्षांपूर्वी जाणत्या माणसासमोर बसून नीट ऐकावे आणि नीट लिहावे ही कला आमच्या टेकडीवर नांदत होती. त्या मातीत राहून मी काय केले ते आता ऐका.

वीसएक वर्षांपूर्वी गावातल्या एका पेटीवाल्या बुवांचा सत्कार ठरला. शाळामास्तर म्हणून स्मरणिकेसाठी त्यांची मुलाखत घ्यायचे काम माझ्याकडे आले. बुवा श्रावणात शनिवारच्या भजनाला मारुतीपुढे साथ करीत आणि उरुसात कव्वाल अडला तर त्याच पेटीवर त्यालाही सांभाळून घेत. अभंगांना त्यांनी स्वतः चाली लावल्या होत्या, दोनशेच्या घरात असतील. मी वही उघडून बसलो. जन्म? गुरू? पुरस्कार? बुवा दोन शब्दांत उत्तरे देत आणि मधूनमधून पेटीकडे हात नेत.

‘‘गुरुजी, हा गंधार ऐका तर खरं,’’ ते म्हणाले.

‘‘ऐकतो बुवा. पण आधी सांगा, मुंबईला प्रथम कधी गेलात?’’

‘‘मुंबईचं काय घेऊन बसलात! हा सूर मी खरवडलाय. बुडाशी खरवडला. शेंड्याला खरवडला असता तर चढला असता.’’

मी हसून म्हणालो, ‘‘ते राहू द्या बुवा. वाचकांना समजायचे नाही.’’

वाचकहो, ते ‘समजायचे नाही’ मी तुमच्या नावावर खपवले होते. न समजणारा मी होतो.

बुवा काय सांगत होते ते मला पुष्कळ वर्षांनी उमगले. पियानो आणि पेटी यांच्या पट्ट्या एका सप्तकाचे बारा सारखे भाग करून लावलेल्या असतात. सप्तक १२०० सेंटचे धरले, तर या हिशेबाने गंधार पडतो ४०० वर. पण तंबोरा चांगला लागला की खर्जाच्या तारेतून जो गंधार आपोआप ऐकू येतो, तो ३८६ च्या आसपास असतो. चौदा सेंटांचा फरक. ऐकायला किरकोळ, पण भजनात गंधारावर वारकरी थांबला की पेटीचा चढा गंधार त्याच्या गळ्याशी भांडतो. बुवांचा षड्ज काळी एक. म्हणजे गंधार पांढरी चार. त्यांनी ती पितळेची पत्ती बुडाशी कानशीने खरवडून चौदा सेंटांनी उतरवली. कानाने, यंत्र नव्हतेच.

आता गंमत अशी, की काळी दोनचा गायक आला की तीच पांढरी चार रिषभ होते, आणि उतरलेली असल्यामुळे रडू लागते. निघताना दारात चप्पल घालता घालता मी ऐकले होते, बुवा म्हणत होते, ‘‘म्हणून काळी दोनवाल्यांच्या चालीत मी रिषभावर कधी बसत नाही. नुसता शिवून जातो.’’ म्हणजे कानशीचे चार घाव चाल कशी बांधायची हे ठरवत होते! दोनशे चालींमधल्या कितींची वळणे त्या एका पत्तीने घडवली असतील? हा प्रश्न विचारायला हवा होता, आणि विचारायला मी तिथे वही घेऊन बसलेलो होतो. स्मरणिकेत छापले काय, तर ‘बुवांचे मूळ गाव’ आणि ‘बुवांना मिळालेली शाल’.

बुवा गेले. पुढे घरच्यांनी पेटी दुरुस्तीला शहरात पाठवली. कारागिराने प्रामाणिकपणे मोबाईलवरचे यंत्र लावून सगळे सूर एका मापाने सारखे करून दिले. पांढरी चार आता अगदी ४०० वर आहे.

आमच्याच मराठवाड्यातले अप्पा जळगावकर जालन्याकडचे. त्यांच्या बोटांखाली पेटी गात असे हे ऐकणारे सगळे सांगतात. बोटे काय करीत होती ते सांगणारा मला अजून भेटलेला नाही. नागपूरचे मनोहर चिमोटे पेटीला ‘संवादिनी’ म्हणत. नाव आपण आनंदाने उचलले. संवाद मात्र राहिला.

इथे कोणी म्हणेल की कलावंताला आपले काम शब्दांत सांगता येत नाही, कोकिळेला का विचारतो आपण? हा युक्तिवाद मला फार खोटा वाटतो. कोकीळ पत्ती खरवडत नाही. गोविंदराव टेंबे स्वतः पेटीवाले, १९११ च्या ‘मानापमान’च्या चाली त्यांच्या, त्यांनी ‘माझा संगीत व्यासंग’ लिहिले. केशवराव भोळ्यांनी ‘आंधळ्यांची शाळा’ या नाटकात पियानो, व्हायोलिन आणले, १९३७ च्या ‘कुंकू’ला पार्श्वसंगीत न देता नुसते खरे आवाज ठेवले, आणि आपण रचना कशी करतो यावर पुस्तकही लिहिले. यशवंत देवांनी ‘शब्दप्रधान गायकी’त शब्द आणि चाल यांचा हिशेब मांडला. सांगता येते, पण या तिघांना लेखणी धरता येत होती. ज्यांना धरता येत नव्हती त्यांच्यासमोर कुणीतरी अमीर हसन होऊन बसायला हवे होते.

नभोवाणीचेच पाहा. १ मार्च १९४० पासून आकाशवाणीवर पेटीला बंदी झाली. ती पुढे १९७१ मध्ये उठू लागली. त्या वादात इंग्रज अधिकारी काय म्हणाले, रवींद्रनाथांनी काय लिहिले, नेहरूंना पेटी कशी आवडत नसे, हे आपण अजून उगाळतो. गुन्हा पेटीच्या स्थिर सुरांचा. मग तो स्थिर सूर हलता भासवण्यासाठी साथीदार बोटांनी काय काय युक्त्या करतो, याची साक्ष काढायची कुणाकडे?

आणि मुंबईच्या चित्रपटसंगीतातले गोव्याचे पियानोवाले, व्हायोलिनवाले, स्वरलेखन करून वाद्यवृंद बांधणारे? सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस ही आपल्या दाराशी राहिलेली माणसे. त्या मंडळींमधले जे हयात होते त्यांच्याशी, त्यांच्या सहकाऱ्यांशी बसून बोलला तो ग्रेगरी बूथ हा परदेशी प्राध्यापक, आणि त्याचे पुस्तक इंग्रजीत २००८ साली आले. तिकडे पियानोवादक क्लाउडिओ अराऊशी झालेल्या संभाषणांचे अख्खे पुस्तक १९८२ मध्ये निघाले. माझ्या कपाटात मराठीत तसे पुस्तक नाही. असेल तर कोणी कळवावे. मी जाहीर माफी मागेन आणि पेढेही देईन.

दुसरा आक्षेप, ‘वाचकांना कंटाळा येईल.’ हा संपादकांचा. त्यांना अनारशाकडे बोट दाखवून मी पुढे जातो.

बुवांचे ऋण डोक्यावर आहे म्हणून गेली काही वर्षे मी उशिराचे विद्यार्थिपण पत्करले आहे. नाव छापणार नाही या अटीवर लोक बोलतात. शहरातल्या एका तरुण संगीतकाराला मी विचारले, कवितेतला कोणता शब्द आधी गायलात? तो आधी म्हणाला, ‘‘काका, चाल एकदम सुचली.’’ मी म्हटले, ‘‘बरे, मग टाकून दिलेली चाल ऐकव.’’ तो चमकला, मग खुलला. आधीच्या चालीत ऱ्हस्व अक्षर समेवर येऊन दीर्घ होत होते आणि शब्दाचा अर्थच फिरत होता. म्हणून त्याने मुखडा सोडून शेवटच्या ओळीपासून सुरुवात केली, कारण तिथे क्रियापद होते आणि कवितेचा जीव त्यात होता. तीन आठवडे. आणि लोकांना सांगताना? ‘सुचली.’ कारण लोकांना तेच आवडते!

पियानो शिकवणाऱ्या एका बाई भेटल्या. त्यांना मी एवढेच विचारले, मराठी गाणे वाजवताना डाव्या हाताचे काय करता? त्या क्षणभर गप्प झाल्या, मग म्हणाल्या, ‘‘पंचवीस वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं.’’ उजव्या हाताने त्यांनी यमनातला गंधार धरला. खाली डाव्या हाताने षड्ज-पंचम दिला. गंधार घरात पाटावर बसला. मग तोच गंधार ठेवून खाली षड्जाबरोबर धैवत दिला, आणि खोलीत एकदम दिवेलागण झाली. वरचा सूर केसभरही हललेला नव्हता. ‘‘यातलं यमनाला कोणतं चालतं आणि कोणतं चालत नाही, यावर माझं माझ्याशीच रोज भांडण होतं,’’ त्या म्हणाल्या. कधी कधी त्या डावा हात मांडीवर ठेवून देतात. हाही एक निर्णय, आणि तो का घेतला हे त्यांना नेमके सांगता येते.

तेवढ्यात शिकवणीची मुले आली. भाऊबीज आटोपली की या, उरलेले सांगते, असे त्यांनी म्हटले आहे. वही नवी आणली आहे, आणि पहिल्या पानावर तारीख घालून ठेवली आहे.