मंगळवारचं मत

अमेरिकेतली निवडणूक झाली की आपल्या मंडळींचं एक ठरलेलं वाक्य असतं. "जगाला लोकशाही शिकवतात आणि स्वतः मत द्यायला जात नाहीत, आळशी लेकाचे!" इथे राहून हे इतक्यांदा ऐकलंय की आज जरा भांडायचंच ठरवलंय.

२०१४ साली, म्हणजे अध्यक्ष निवडायचा नसतो त्या मधल्या निवडणुकीत, पात्र लोकांपैकी ३७ टक्क्यांच्या आसपासच लोकांनी मत दिलं, हे खरं. पण हेच आळशी लोक २०२० मध्ये, करोना भरात असताना, दोन-तृतीयांश संख्येने मत देऊन आले! १९०० नंतरचा उच्चांक. चुरस होतीच, पण बऱ्याच राज्यांनी टपालाने मत द्यायची सोयही वाढवली होती. सोय केली की माणसं मत देतात, एवढं साधं आहे हे.

मुळात मतदान मंगळवारी. का? तर १८४५ साली तसा कायदा झाला. रविवारी चर्च, सोमवारी घोडागाडी जुंपून तालुक्याला निघायचं, बुधवारी बाजार. घोडागाड्या गेल्या, मंगळवार राहिला. देशभर सुट्टी आजही नाही.

आता तुम्ही म्हणाल, सुट्टी देऊन काय होतं, मुंबईला विचारा! बरोबर. २०२४ च्या लोकसभेला दक्षिण मुंबईत भरपगारी सुट्टी असून जेमतेम निम्मं मतदान झालं. (बाकीचे लोणावळ्याला असावेत.) म्हणूनच माझा खरा राग मंगळवारावर नाही, नोंदणीवर आहे.

आपल्याकडे याद्यांचे घोळ काय कमी नाहीत, पण निदान यादीसाठी आयोगाचा माणूस दारात येतो. इथे बहुतेक राज्यांत नाव नोंदवणं ही तुमची जबाबदारी. घर बदललंत? पत्ता पुन्हा कळवा. टेक्सासमध्ये हे सगळं मतदानाच्या ३० दिवस आधी व्हायला हवं. आणि सारखी घरं कोण बदलतं? भाडेकरू, विद्यार्थी, तासावर राबणारे. स्वतःच्या बंगल्यात वीस वर्षं राहणाऱ्याला या नियमाचा काय त्रास? त्याच टेक्सासमध्ये ओळखपत्र म्हणून पिस्तुलाचा परवाना चालतो, विद्यापीठाचं ओळखपत्र चालत नाही. हे काही चुकून होत नाही हो! जॉर्जियात तर २०२१ च्या कायद्याने मतदान केंद्राजवळ रांगेतल्या माणसाला पाण्याची बाटली देणंही गुन्हा ठरवलं.

यावर ठरलेलं उत्तर म्हणजे "नाहीतर बोगस मतदान होईल". नॉर्थ डकोटात मतदार नोंदणी हा प्रकारच नाही. ओळखपत्र दाखवा, मत द्या. मिनेसोटात १९७० च्या दशकापासून मतदानाच्या दिवशीच नाव नोंदवता येतं, आणि मतदानात ते राज्य कायम वरच्या नंबरांत असतं. कुठे बुडाली तिथली लोकशाही?

ऑरेगनने २०१६ पासून ड्रायव्हिंग लायसन्सच्या कचेरीतूनच लोकांची नावं आपोआप यादीत घालायला सुरुवात केली. नको असेल त्याने तसं कळवायचं. नंतर बऱ्याच राज्यांनी तेच केलं. हेच देशभर करा, एवढंच मागणं आहे.

तोवर इथल्या मराठी मंडळींनो, नागरिकत्वाची शपथ झाल्यावर पासपोर्टचा फॉर्म जेवढ्या घाईने भरता, तेवढ्याच घाईने मतदार नोंदणीचाही भरा. आणि घर बदललं असेल तर आज रात्रीच आपलं नाव यादीत आहे का ते बघा.